गट जुळतोय, रक्त जुळंना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाहू जयंती, शिवजयंती, नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस. कोल्हापुरातल्या तालमी-मंडळांना रक्तदान शिबिरासाठी एवढं निमित्त पुरतं. मीही १५ वर्षं रक्त देतोय. शिबिरात मिळालेले डबे घरात इतके साठलेत की बायको म्हणते, आता नुसतं रक्त देऊन या. अशा गावात माझ्या ११ वर्षांच्या भाच्याला रक्त मिळेना.

त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही असा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे आपल्याकडे हवा तेवढा. पण गेल्या डिसेंबरात क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त त्याच्या रक्ताशी जुळवून बघायच्या तपासणीत, एकेक पिशवी बाद व्हायला लागली. रक्तपेढीतले तंत्रज्ञ म्हणाले, "गट जुळतोय ओ, रक्त जुळंना झालंय."

ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यांच्या पलीकडे तांबड्या पेशींवर शेकडो प्रकारच्या खुणा असतात, हे तेव्हा कळलं. सारखं रक्त घेणाऱ्यांपैकी काहींच्या शरीरात परक्या खुणेविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे त्या खुणेच्या पेशींवर हल्ला करणारं प्रथिन, तयार होते. भाच्याच्या अंगात दोन निघाल्या: एक आरएच (ज्यावरून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरतं तो गट) मधल्या लहान 'सी' या खुणेविरुद्ध, दुसरी किड गटातल्या 'जेके-ए'विरुद्ध.

निम्म्या लोकांनी विचारलं, "बॉम्बे ग्रुप आहे काय?" तो नव्हे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला तो गट आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याचा असतो. आमचा हिशेब त्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. आपल्याकडच्या शंभर पॉझिटिव्ह माणसांत ढोबळमानानं चाळिसांकडे लहान 'सी' नसतो आणि शंभरांत वीसेक जणांकडे 'जेके-ए' नसतो. भाच्याला चालतील असे, दोन्ही नसलेले, शंभरांत आठेक. म्हणजे माणसं गावात आहेत, फक्त ती कोण हे कुणी तपासलेलं नाही.

तालमीच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि दोन तासांत बी पॉझिटिव्हवाले ४० जण दारात उभे राहिले. तिघांचं जुळलं. बाकीच्यांना चहा पाजून परत पाठवताना मला शरमल्यासारखं झालं. तिघांनीही एकाच दिवशी देऊन उपयोग नव्हता. पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते आणि एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं.

जुनी फाईल चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. 'जेके-ए'ची अँटीबॉडी दोन वर्षांपूर्वीच एका रिपोर्टात नोंदवलेली होती. आम्हाला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ही अँटीबॉडी काही महिन्यांत इतकी विरळ होते की तपासणीत दिसतच नाही. मध्यंतरी परगावी ताप आला म्हणून दुसऱ्या दवाखान्यात त्याला रक्त चढवलं, तेव्हा क्रॉसमॅच चांगलं आलं होतं. आठवड्यानं पोराचे डोळे पिवळे, लघवी काढ्यासारखी आणि हिमोग्लोबिन पुन्हा खाली. नेमकी तीच खूण असलेली पिशवी आत गेली की शरीराला जुनी ओळख आठवते. ज्याच्या अंगात अशी अँटीबॉडी सापडेल त्याला तिचं नाव लिहिलेलं कार्ड लगेच हातात द्यायला हवं. दहा रुपयांचं लॅमिनेशन लागेल.

आता मागणी. रक्तपेढ्यांनी नेहमीच्या दात्यांची निदान लहान-मोठा 'सी', लहान-मोठा 'ई', केल (खुणांचा आणखी एक गट) आणि किड एवढी तपासणी एकदा करावी. रसायनं महाग आहेत, मान्य. पण या खुणा जन्मभर बदलत नाहीत, त्यामुळे एका माणसामागे खर्च एकदाच. परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय संस्था दुर्मिळ दात्यांची यादी ठेवते. आपल्या रोजच्या गरजेची यादी आपल्याच गावात का नसावी?

भाच्याला दर वेळी दोन पिशव्या धरल्या, तर तीन महिन्यांच्या पाळीनं नऊ-दहा माणसं पुरतात. त्यासाठी सव्वाशे बी पॉझिटिव्ह दाते तपासावे लागतील. आमच्या तालमीच्या वहीत १४० नावं आहेत. वही घेऊन कुठल्या रक्तपेढीत येऊ, तेवढं कुणी सांगावं.

आपला,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर