पुण्याच्या ‘राजी’ची दखल

महोदय,
मोबाइल गेममुळे मुले बिघडतात, अशी पत्रे नेहमी छापून येतात. पण पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली आणलेल्या ‘राजी’ या व्हिडिओ गेमबद्दल कुणी लिहिल्याचे आठवत नाही. असुरांनी पळवलेल्या गोलूला, धाकट्या भावाला, शोधायला निघालेली राजी, राजस्थानी धाटणीचे किल्ले-महाल आणि गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा व विष्णू! २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी मंडळींनी काम तडीस नेले. ‘द गेम अवॉर्ड्स’ या व्हिडिओ गेमच्या जागतिक पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळवले. मारामारी जरा अडखळते, खेळ लवकर आटोपतो, हे मान्य. पण त्यातली भित्तिचित्रे बघत मी लढाई विसरतो. सिनेमाच्या परीक्षणाला दर आठवड्याला जागा मिळते, मग अशा गेमला एखादी चौकट का नको?
— एक वाचक, सांगली