ते ‘टाकाऊ’ नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागात एक शालेय प्रदर्शन भरलं होतं. माझ्या रविवारच्या वर्गात येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने त्यासाठी मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल दिलं होतं. प्रवेशिका भरली होती ‘प्रतिकृती’ विभागात. सकाळी जाऊन पाहते तर विमान ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या टेबलावर, बाटल्यांच्या फुलदाण्या आणि लग्नपत्रिकांच्या तोरणांशेजारी ठेवलेलं. विचारल्यावर उत्तर मिळालं, “बाई, हे उरलेल्या तुकड्यांचं आहे ना? पेटीतलं नाही.”

फुलदाण्यांना मी नावं ठेवत नाही. तीस वर्षं चित्रकला शिकवताना त्या मीच मुलांकडून करून घेतल्या आहेत. पण फुलदाणी मापाची नसते. हे विमान मापाचं आहे. त्याची बूज राखली गेली नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांनी हा छंद पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. विमानाच्या मॉडेलची पेटी उघडली की प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले भाग मिळतात. एकाच विमानाचे चार-पाच प्रकार असतात आणि कंपन्या बरेचदा सगळ्यांना चालतील अशा चौकटी एकाच पेटीत घालतात. माहितीपत्रकात जे भाग वापरायचे नाहीत ते वेगळ्या रंगात दाखवलेले असतात. ते नवेकोरेच उरतात. पुण्याच्या माझ्या भाच्याने अशा उरलेल्या भागांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मला दिला. सोबत त्याने अर्धवट सोडलेलं एक मिग-२१ दिलं, १:७२ मापाचं, पंख फेविक्विकने वाकडे चिकटलेलं. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्यावर फेविक्विक ठिसूळ झालं आणि सकाळी पंख अलगद सुटून आले.

या मापात एक इंच म्हणजे सहा फूट. मुलीने पहिल्याच दिवशी मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर असल्याचं शोधलं, त्याला ७२ ने भागलं आणि पट्टीवर ९९ मिलिमीटर मोजून दाखवले. पेटीतलं मॉडेल करणाऱ्या मुलाला हा भागाकार करावाच लागत नाही. आम्हाला प्रत्येक तुकड्यासाठी करावा लागला.

आणि तपासनीस होते माझे बाबा. १९६७ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी ते ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले. तेव्हा तिथे मिग-२१ चा एफएल हा प्रकार तयार होत होता. इंजिन ओडिशातल्या कोरापुटहून यायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून. सुरुवातीची विमानं तर सोव्हिएत संघातून आलेले भाग जोडूनच उभी केली होती. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, तो बाबांनी टीव्हीपासून न हलता पाहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “सगळे शेवटच्या बायसनचंच दाखवतात. आमचं एफएल कुणी दाखवत नाही.” बायसन हा मिग-२१ चा नंतरचा, सुधारलेला प्रकार. बाबांच्या त्या वाक्यातून हे काम सुरू झालं.

भाच्याचं विमान पीएफएम प्रकारचं, म्हणजे एफएलच्या जवळचं, पण तेच नव्हे. बाबांनी भिंगातून पाहिलं आणि लगेच कॉकपिटच्या काचेवर बोट ठेवलं. “पोरी, ही काच उजवीकडे उघडते. आमची पुढच्या काचेसकट पुढे उचलली जायची.” डब्यात तशी काच नव्हती. मग मुलीने लाकडाचा ठोकळा कानशीने घासून काचेच्या आकाराचा केला, तो पाण्याच्या बाटलीत घातला आणि शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून आणलेल्या हीट गनने बाटलीला शेक दिला. प्लास्टिक आकसून ठोकळ्यावर घट्ट बसलं. तीन बाटल्या वाया गेल्या, चौथी जमली. चिकटवली फेविकॉलने, कारण फेविक्विकच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं धरतं. हे आम्ही एक काच बिघडवून शिकलो.

नाकावरची हवेचा वेग मोजणारी लांब नळी नंतरच्या मिगवर मधल्या रेषेच्या उजवीकडे असते. एफएलवर बरोबर मधोमध, वरच्या बाजूला. ती इंजेक्शनच्या दोन सुया एकात एक घालून केली. मागची चाकं डब्यात चार वेगवेगळ्या विमानांची होती. बाबा म्हणाले टायर आठशेचा, म्हणजे आठशे मिलिमीटरचा. ७२ ने भागून ११ येतात. कॅलिपरने मोजत बसल्यावर अकराची जोडी सापडली. पंखांखाली शस्त्रं टांगायच्या जागा दोनच, नंतरच्या मिगसारख्या चार नाहीत.

त्या दोन जागी लावायला के-१३ क्षेपणास्त्रं नव्हती. पण स्टारफायटर या अमेरिकन लढाऊ विमानाच्या जुन्या पेटीतली दोन साइडवाइंडर क्षेपणास्त्रं पडून होती. १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीवरच्या चकमकीत न फुटलेलं एक अमेरिकन साइडवाइंडर चिनी मिग-१७ मध्ये अडकून राहिलं आणि त्याच्याच अभ्यासातून सोव्हिएत के-१३ घडलं. म्हणून ती जोडी इथे चालते. १९७१ च्या युद्धात कच्छच्या आखातावर आपल्या मिग-२१ एफएलने पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं होतं, हे मुलीला हा शोध घेतानाच कळलं. इतिहासाच्या तासाला तिने ते वर्गात सांगितलं.

उरलेल्या चौकटीही आम्ही टाकल्या नाहीत. काडी मेणबत्तीवर धरून ओढली की केसाइतका बारीक धागा निघतो, त्याच्या अँटेना झाल्या. बारीक तुकडे मॉडेलच्या गोंदात विरघळवून पुट्टी केली आणि पंखांच्या फटी भरल्या. पॉलिश पेपर मात्र पाण्यात भिजवूनच घासायचा.

रंगाच्या वेळी मुलीला १९७१ चे हिरवे पट्टे हवे होते. युद्धाच्या तोंडावर ते घाईत, हाताने फासले गेले होते. पोटाखालची जोडनळ्यांची तोफही तिने तयार केली होती. बाबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “आमच्या हातून गेली ती चंदेरीच गेली.” तिने पट्ट्यांचं चित्र गुंडाळून ठेवलं. तोफेला टाचणी बसवली, म्हणजे हवी तेव्हा काढता येईल. जुन्या डेकलचे, म्हणजे भिजवून चिकटवायच्या छापील खुणांचे, पाण्यात तुकडे पडले, म्हणून केशरी, पांढरी, हिरवी वर्तुळं कंपासने आखून रंगवली. त्या वर्तुळांवर बाबांनी एकदाच बोट फिरवलं.

संपादक महोदय, प्रदर्शनं भरवणाऱ्यांना आपल्या दैनिकातून माझी विनंती आहे. प्रतिकृती विभागात पाहावं ते माप, प्रकार आणि जोडणीची सफाई. भाग एका पेटीतले की दहा पेट्यांतले, हे नियमात कुठेही लिहू नये. परदेशी पेटीला दोन-अडीच हजार रुपये पडतात. माझ्या वर्गातल्या बहुतेक घरांत ते परवडत नाहीत. त्या मुलांना प्रतिकृतींच्या टेबलावर यायला हाच रस्ता आहे.

दुसरी विनंती छंद असणाऱ्या वाचकांना. पूर्ण झालेल्या मॉडेलच्या चौकटी भंगारात देऊ नका, जवळच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत नेऊन द्या. चाकं, पंखांखालचे खांब, इंधनाच्या टाक्या, डेकलची अर्धी पानंसुद्धा चालतील. आम्ही आता नॅट हे छोटं लढाऊ विमान जोडायला घेतलं आहे. पंख मिळाले, काच मिळाली. शेपटी कुणाकडे असेल, १:७२ मापाची, तर ती आम्हाला हवी आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, नाशिकरोड