चूक त्याच दिवशी सांगता आली पाहिजे

संपादक महोदय,

मी फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात २२ वर्षं क्लार्क आहे. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या ऑफिसातल्या एका मुलीला कामावरून काढलं. हायकोर्टातल्या एका अपिलावरची ऑफिस ऑब्जेक्शन, म्हणजे कोर्टाच्या ऑफिसने दाखवलेल्या त्रुटी, तिने मुदतीत दूर केल्या नव्हत्या आणि घाबरून पंधरा दिवस कुणाला बोललीच नाही, तोवर मॅटर रिजेक्ट झालं. चूक तिचीच, पण ती पंधरा दिवस गप्प का बसली हे कुणी विचारलं नाही. आधी एकदा कोर्ट फी स्टॅम्प कमी लागला म्हणून तिला सगळ्या स्टाफसमोर तासभर झापलं होतं, ते आम्ही भिंतीपलीकडून ऐकलंय.

माझ्या हातूनही झालंय. सिटी सिव्हिल कोर्टातली १७ तारीख मी डायरीत १९ लिहिली. १९ ला गेलो तर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, मॅटरच नाही, शिरस्तेदार म्हणाले अहो ते परवाच डिफॉल्टमध्ये डिसमिस झालं. म्हणजे आमच्या बाजूने कुणी हजर नव्हतं म्हणून काढून टाकलं. एका आजींचा दावा होता, राहत्या खोलीचा. जिन्यावर बसून राहिलो, पाय उचलेनात. संध्याकाळी साहेबांना सरळ सांगितलं. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, दावा परत लावून घ्यायला, रिस्टोरेशनला, ३० दिवस असतात, त्यातले दोन गेले, कागद काढ. तारीख चुकीची लिहिली असं माझंच अ‍ॅफिडेव्हिट लावलं, आठवड्याच्या आत अर्ज गेला आणि दावा परत बोर्डावर आला. आजींनाही साहेबांनी माझ्यासमोर फोन करून खरं ते सांगितलं, मी माफी मागितली.

पुढचे सहा-सात महिने मोठं फायलिंग माझ्याकडे दिलं नाही, वाईट वाटायचं, पण ते बरोबरच होतं. तेव्हापासून ऑफिसात दोन डायऱ्या असतात, दर शुक्रवारी ताडून बघतो, आणि आता तर रात्री ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकून तारीख परत बघतो.

कोर्टाच्या ऑर्डरीत टायपिंगची चूक राहिली तर हायकोर्टात ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ करून दुरुस्त करतात, अपिलाला उशीर झाला तर तो माफ करून घ्यायला लिमिटेशन अ‍ॅक्टचं कलम ५ आहे. पण कमर्शियल दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी जबाब गेला नाही की हक्कच संपतो, तिथे क्लार्कने भीतीपोटी चार दिवस लपवलेली चूक नंतर कुणालाच सुधारता येत नाही आणि भोगतो तो पक्षकार. म्हणून वकील साहेबांना आणि मॅडमना हात जोडून सांगतो, रागवा, काम काढून घ्या, पण माणूस त्याच संध्याकाळी येऊन सांगेल एवढी जागा ठेवा.

ती मुलगी परवा चर्चगेटला भेटली, अजून काम शोधतेय. हुशार आहे, ड्राफ्ट वाचून चुका काढते. कुणी तिला घेतलं तर डायरी कशी ठेवायची ते मी स्वतः येऊन शिकवीन.

— एक वकील-क्लार्क, लालबाग