गंजावर पुट्टी हा इलाज नव्हे

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारसायकलींवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण साइडकारच्या (मोटारसायकलीच्या बाजूला जोडतात त्या बैठकीच्या डब्याच्या) गंजाचं काम त्यात चार ओळींत उरकलंय, म्हणजे गंज घासा, भोकावर फायबरची जाळी चिकटवा, वरून पुट्टी ओढा आणि रंग मारा, झालं. ते वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय.

माझ्याकडे जी साइडकार आली तिच्यावर आधीच्या कुणीतरी अगदी हेच केलं होतं. वरून आरशासारखी चकचकीत. डब्याच्या नाकाजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, एक बारीक फोड दिसला म्हणून नखाने टोकरलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली बोटभर जाड पुट्टी, आणि पुट्टीखाली चक्क वर्तमानपत्राचा बोळा, ओला! पत्रा नव्हताच तिथे. पेपरचा असाही उपयोग होतो हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

मुळात साइडकारचा डबा गंजतो तो आतून. तो एक टबच आहे, पावसाचं पाणी आत येतं, चटईखाली जाऊन बसतं आणि बाहेर जायला वाट नसते. शिवाय साइडकारच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्ड आणि डब्याच्या मधे साठतो, दुमडलेल्या कडांत आणि दोन पत्रे एकावर एक येतात त्या जोडात ओल धरून राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो त्यामुळे जोडातले पत्रे फुगून एकमेकांपासून सुटतात. म्हणजे बाहेर फोड दिसला तोवर आतलं काम कधीच उरकलेलं असतं. त्यावर पुट्टी भरली की ती पाठीमागून ओल पिते आणि एक-दोन पावसाळ्यांत फोड पुन्हा हजर.

म्हणून आधी एक लोहचुंबक आणि एक टोच्या घ्या. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे एकतर पुट्टी आहे किंवा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, तेही काही साइडकारींवर असतं. आणि टोच्या निर्दयपणे मारा, जिथे आत घुसतो ते सगळं जाणार, उगाच जीव अडकवू नका. जुन्या ब्रिटिश साइडकारींत (वॉटसोनियन कंपनी तर १९१२ पासूनची) पत्र्याच्या आत बऱ्याचदा लाकडी सांगाडा असतो, लाकूड ओल धरतं आणि पत्रा खिळ्यांच्या भोवती गंजतो, तिथे वेल्डिंग करायचं म्हणजे आधी लाकूड मोकळं करा नाहीतर आग लागते. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या स्टाइब कंपनीसारखे सगळ्या पत्र्याचे डबे त्या मानाने सोपे, पण त्यांच्या नाकाचा बाक दोन्ही दिशांना आहे, तो तुकडा बनवायला वाळूची पिशवी आणि लाकडी हातोडा घेऊन बसावं लागतं. माझे तीन तुकडे भंगारात गेले, चौथा बसला.

कापण्याआधी पुठ्ठ्याचे साचे काढून ठेवा आणि डबा चासीवर (खालच्या नळ्यांच्या सांगाड्यावर) बोल्टने आवळलेलाच राहू द्या किंवा आतून आडवे आधार टाका. तळाचा पत्रा एकदम कापून काढलात की बाजू कुठेही सरकतात आणि मग नवा तळ बसतच नाही. कापताना भोकापुरतं नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत आणि त्याच्याही पुढे इंचभर. ठिगळ त्याच जाडीचं हवं, माझ्या डब्यात तळाला १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी आणि बाजूंना २० गेज म्हणजे ०.९ मिमी निघाला. कोपरे गोल ठेवा. आणि एकावर एक चढवून वेल्ड करू नका, कडेला कड भिडवा, कारण चढवलेल्या जोडात पुन्हा तोच पाण्याचा खिसा तयार होतो, म्हणजे ज्या रोगासाठी कापलं तोच आत शिवून ठेवला.

वेल्डिंगला मिग (तार आपोआप पुढे सरकते ते विजेचं वेल्डिंग) असेल तर ०.६ मिमीची तार, आणि सलग रेघ ओढायची नाही! एक टाका इथे, दुसरा पार समोरच्या कडेला, मग हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा आकसतो आणि पापडासारखा वाकडा होतो, मी केलीय म्हणून सांगतो, एक अख्खी बाजू डुगडुग करायला लागली होती. गार झाल्यावर पाठीमागे डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून टाक्यांवर हातोडी मारायची म्हणजे आकसलेलं पुन्हा पसरतं. गॅस वेल्डिंगचा जोड मऊ राहतो, तो ठोकायला सोपा, मिगचा कडक. इतकं झाल्यावर वरून कागदाएवढी पुट्टी लावा ना, पुट्टीशी माझं वैर नाही.

लेखात वेल्डिंगआधी ब्रेक क्लीनरने (तेल-ग्रीस काढायच्या स्प्रेने) पुसा असंही होतं. हे मात्र धोक्याचं आहे हो. क्लोरीनवाला क्लीनर असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने आणि प्रकाशाने त्यातून फॉस्जीन वायू होतो, तो जिवावर बेततो. तसंच जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असतं, शेंदूर म्हणजे शिशाचाच, तो कोरडा घासून धूळ उडवू नका, मास्क लावून ओला घासा. गॅल्वनाइज्ड (जस्त चढवलेल्या) पत्र्याच्या वेल्डिंगच्या पांढऱ्या धुराने ताप भरतो हेही लक्षात असू द्या.

आतल्या बाजूला एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, पोकळ जागांत मेण, आणि तळाला सगळ्यात खालच्या जागी पाणी जायला भोकं. ही भोकं बुजलीत का ते दर पावसाळ्याआधी काडी घालून बघायचं. फॉस्फोरिक ॲसिडवाले गंज कन्व्हर्टर पातळ गंजावर ठीक आहेत, पोपडे सुटलेल्या पत्र्यावर त्यांचा काही उपयोग नाही.

आता मुख्य विनंती. डबा गंजला तर फार तर पाय ओले होतील, पण तो ज्या नळ्यांच्या चासीवर बसतो ती चासीही आतूनच गंजते आणि तिच्यावर वळणात केवढा जोर येतो. बाहेरून रंग शाबूत असतो, हातोडीने ठोकून आवाज बद्द आला किंवा टोच्या आत गेला की तो भाग बदलायचा, तिथे ठिगळ नको आणि पुट्टी तर अजिबात नको. आणि जोडणीचे बोल्ट सोडण्याआधी चाकांमधली मापं लिहून ठेवा, नाहीतर नंतर गाडी एका बाजूला ओढत राहते. लेखात चासीचा शब्दही नव्हता. त्या शेजारच्या सीटवर कुणीतरी बसणार असतं. तेव्हा पुढच्या पुरवणीत एवढे दोन मुद्दे, चासी आणि ब्रेक क्लीनर, चौकटीत का होईना पण छापा, बाकीचं पत्र कापलंत तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक