त्या पाठकोऱ्या कागदासाठी

आदरणीय जादुओंग,

लुओ भाषेत वडीलधाऱ्या माणसाला घालतात ती हाक सोडून दुसऱ्या नावाने तुम्हाला बोलावणे मला जमणार नाही. व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या, म्हणजे तुमच्या भाषेत नाम लोल्वेजवळच्या, केनियातल्या तुमच्या गावाहून परत येऊन चार महिने झाले, तरी त्या दुपारची आठवण निघाली की माझा गळा दाटून येतो. म्हणून हे आभार आता आणखी लांबणीवर टाकत नाही.

मी आले ती चाळीस प्रश्नांची छापील यादी घेऊन. आफ्रिकेतल्या ज्ञानपरंपरेवर प्रबंध लिहायचा होता, आणि ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्यांनी निघताना बजावले होते की म्हणी, कथा, चालीरीती मिळतील तेवढ्या गोळा कर, लोकांची मते विचारत बसू नकोस. माझे स्वतःचे मत तर दोन वर्षांत कोणी विचारलेच नव्हते. मसुद्यात एखादे डोकावले, तर समासात ‘आधार?’ एवढा एकच शब्द लिहून येई. हे मी रागाने लिहीत नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

1945 साली प्लासिड टेम्पल्स या बेल्जियन मिशनऱ्याने आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांपाशी तत्त्वज्ञान आहे हे युरोपला सांगितले खरे, पण ते नीट मांडून दाखवणे त्यांना जमणार नाही, ते काम आपले, असेही त्याने ठरवून टाकले. केनिया 1963 साली स्वतंत्र झाला, तरी माझ्या हातातली यादी त्याच वळणाची होती, हे मला तुमच्या अंगणात बसल्यावर कळले. तुमच्याच समाजातले, नैरोबी विद्यापीठातले तत्त्वज्ञ हेन्री ओडेरा ओरुका 1970च्या दशकात वडीलधाऱ्यांना भेटत राहिले आणि ‘तुमच्यात काय मानतात’ एवढ्यावर न थांबता ‘तुम्हाला स्वतःला ते पटते का’ असे विचारू लागले. परंपरा मुखोद्गत असणारा शहाणा वेगळा आणि ती पारखून घेणारा शहाणा वेगळा, हा भेद त्यांनी केला. त्यांचे नाव मला पहिल्यांदा तुमच्या नातीकडून कळावे, हे मला फार लागले.

सातव्या की आठव्या प्रश्नाला तुम्ही मला थांबवलेत. विधवेने नवऱ्याच्या भावकीतल्या पुरुषाबरोबर राहायचे, या ‘तेरो’ नावाच्या रूढीबद्दलचा तो प्रश्न होता. तुम्ही माझ्या मांडीवरचा कागद उचललात, उलटा केलात, त्याची कोरी पाठ तळहाताने दोनदा सपाट केलीत आणि माझेच पेन माझ्या हातात देऊन नातीकरवी म्हणालात, ‘आधी तुला काय वाटते ते लिही. तुझ्या आईच्या भाषेत लिही.’ मी सहा ओळी मराठीत लिहिल्या. त्या तुम्ही मोठ्याने वाचायला लावल्यात आणि एक अक्षरही कळत नसताना डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकल्यात. मग अर्थ विचारलात, आणि मग, जादुओंग, माझे म्हणणे साफ खोडून काढलेत. मला कोणी इतका मान कधी दिला नव्हता.

मी लिहिले होते की बाहेरच्यांनी तुमच्या रूढीला नावे ठेवू नयेत. तुम्ही म्हणालात, मिशनवाल्यांनी पाप म्हटले म्हणून काहींनी ती टाकली, गोरे गेल्यावर ती आपली म्हणून काहींनी उराशी धरली, पण दोन्ही वेळा त्या बाईला कोणी विचारले नाही. तुमची बहीण विधवा झाली तेव्हा तुम्ही तिला विचारलेत, ती नको म्हणाली, आणि तिच्या सासरच्या भावकीचा रोष पत्करून तुम्ही तिच्या पाठीशी उभे राहिलात.

लहानपणी शाळेत लुओ बोललात म्हणून तुमच्या गळ्यात लाकडी फळी अडकवली होती. ती काढायची तर दुसऱ्या कोणा मुलाला मातृभाषेत बोलताना पकडून द्यावे लागे, आणि संध्याकाळी जिच्या-ज्याच्या गळ्यात ती उरे त्या पोराला छड्या बसत, हे तुम्ही अगदी शांतपणे सांगितलेत. माझ्या ओळखीची पुष्कळ शिकलीसवरलेली माणसे आयुष्यभर तेच करत राहतात, आपल्या वाट्याला आलेला कमीपणा पुढच्याच्या गळ्यात घालून मोकळी होतात. तुम्ही मात्र परक्या देशातून आलेल्या पोरीला तिची भाषा काढायला लावलीत. असा चांगुलपणा अजून आहे, गावोगावी आहे, आणि तो आपल्याकडे येईल तेव्हा ओळखण्याइतके तरी आपण जागे असावे, असे मला मनापासून वाटते.

उरलेले प्रश्न मी विचारले नाहीत. प्रबंधाचा आराखडा बदलला आहे, त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत. तुमचे म्हणणे आता तुमच्याच नावाने त्यात येईल. या पत्राचे इंग्रजी तुमच्या नातीला पाठवते आहे, ती ते तुम्हाला लुओत सांगेल. पण त्याआधी माझ्या आवाजातले हे मराठी तिच्या फोनवर ऐका. आणि एक गोष्ट मला अजून पटलेली नाही: बहिणीला तुम्ही विचारलेत हे खरे, पण तिचा नकार खरा ठरायला भाऊ पाठीशी असावाच का लागावा? यावर तुमचे उत्तर हवे आहे.

एरोकामानो, तुमच्याच भाषेत आभार.

तुमची,
पुण्याहून आलेली मुलगी