सूचना : रविवारी सर्व्हर बंद, फाइलींची जागा बदलतेय

सर्व सभासदांना नमस्कार,

पावसाच्या आणि गोदावरीच्या पातळीच्या नोंदी ठेवणारा आपला अर्डॅप सर्व्हर रविवारी सकाळी ९ ते १२ बंद राहील. जुनी डिस्क तुडुंब भरली आहे, म्हणून मुक्काम नव्या डिस्कवर हलवतोय.

बदल दोन ठिकाणी आहे. त्यांची गल्लत करू नका. मागच्या वेळी ती मीच केली होती. सर्व्हरचं स्वतःचं सामान, म्हणजे कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली), लॉग (सर्व्हरच्या कामाची आणि चुकांची नोंद) वगैरे, कुठे राहील ते सेटअप फाइलमधल्या ‘बिगपॅरेंटडिरेक्टरी’त लिहितात. ते बदललं की टॉमकॅट, म्हणजे ज्यावर अर्डॅप चालतो तो प्रोग्रॅम, पुन्हा सुरू करावाच लागतो. तुमच्या नोंदींची जागा मात्र डेटासेट्स फाइलमध्ये, प्रत्येक डेटासेटच्या ‘फाइलडिर’पुढे असते. तिथे पूर्ण पाथ द्या. टॉमकॅट ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला हा फोल्डर वाचता आला पाहिजे, आणि सर्व्हरच्या सामानाच्या फोल्डरमध्ये लिहिताही आलं पाहिजे. ही परवानगी राहिली की डेटासेट दिसेनासा होतो आणि आपण उगाच फाइली धुंडाळत बसतो. आधी लॉग उघडा, चूक तिथेच सापडते.

आणखी एक, लिनक्सला लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर वेगळं वाटतं. गंगापूर धरणाच्या नावाचे दोन-दोन फोल्डर त्यामुळेच झालेत. नवा फोल्डर सगळा लहान अक्षरांत.

ताज्या नोंदी शनिवारी रात्री ८ पर्यंत चढवा. गोदावरीचं पाणी नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, तर हे काम पुढच्या रविवारी.