खुर्चीची पुढची कड पाहणाऱ्या कारागिरास

सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या अनाम कारागिरास,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही, म्हणून मायना असा अर्धवट. १९५०च्या दशकात मेयर फ्रिडमन आणि रे रोझेनमन या दोन हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात तुम्ही वेटिंग रूममधल्या खुर्च्यांच्या गाद्या बदलायला गेलात. एरवी गादी मधोमध दबते, पाठ टेकते तिथलं कापड विरतं. तिथे मात्र फक्त पुढची कड घासलेली होती. इथे येतात तरी कसले पेशंट, असं तुम्ही विचारलंत. डॉक्टर कामात होते, तुमचा प्रश्न तसाच राहून गेला. काही वर्षांनी त्यांना उमगलं की ही माणसं खुर्चीत बसतच नव्हती. नुसती काठावर टेकत होती, नाव पुकारताच उठायला तयार. फ्रिडमन यांनी पुढे हा किस्सा स्वतःच सांगितला, म्हणून तो आमच्यापर्यंत पोचला.

अ‍ॅटॅक किंवा अ‍ॅन्जिओप्लास्टीनंतर पेशंटना पुन्हा चालतं-फिरतं करण्याच्या कामातली आम्ही माणसं. पेशंट काय सांगतो ते ऐकायचंच, पण काय झिजलंय आणि कुठल्या बाजूने, तेही बघायचं, ही सवय तुमच्यामुळे लागली. हे पत्र त्या आभाराचं.

तुमच्या निरीक्षणाचं पुढे काय झालं ते आधी सांगतो. फ्रिडमन-रोझेनमन यांचा पहिला मोठा शोधनिबंध १९५९चा. सतत घड्याळाशी शर्यत, दुसऱ्याचं वाक्य आपणच पूर्ण करणं, चटकन भडकणं, या स्वभावाला त्यांनी ‘टाइप ए’ म्हटलं. मग ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ पुरुषांना साडेआठ वर्षं नजरेखाली ठेवलं. त्यांच्यात २५७ जणांना हृदयविकार झाला, आणि टाइप ए मंडळींचा धोका साधारण दुप्पट निघाला. जगभर गाजावाजा झाला. पण १९८८ साली त्याच २५७ जणांची बावीस वर्षांची नोंद तपासली, तर विकार झाल्यावर टाइप ए माणसं उलट जास्त टिकली होती. शिवाय या विषयावरच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी पैसे पुरवल्याची कागदपत्रं पुढे उघड झाली. दोष सिगारेटचा नसून स्वभावाचा, हे त्यांना सोयीचंच होतं. म्हणून आज कुणी ‘घाई केली म्हणून अ‍ॅटॅक आला’ म्हटलं की आम्ही मान डोलवत नाही. त्या स्वभावातली, तपासणीत टिकून राहिलेली ठिणगी म्हणजे राग आणि मनातली खुन्नस. रागाचा मोठा भडका उडाल्यावर पुढचे दोनेक तास अ‍ॅटॅकचा धोका वाढलेला असतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

दुसरी कड बेल्जियम-नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या योहान डेनोलेट यांनी दाखवली. त्यांचा ‘टाइप डी’ खुर्चीच्या काठावर बसत नाही. कोपऱ्यातली खुर्ची धरतो आणि काही बोलत नाही. मनात काळजी, उदासी, चिडचिड, आणि ती कुणापुढे मोकळी करायची नाही. ओळखायला १४ वाक्यांची प्रश्नावली आहे. सात वाक्यं खिन्नतेची, सात संकोचाची, प्रत्येकाला ० ते ४ गुण. दोन्ही भागांत १० किंवा जास्त आले तरच टाइप डी. एकाच भागात जास्त आले तर नाही, आणि नेमकी इथेच चूक होते: कमी बोलणारा प्रत्येक जण टाइप डी ठरवला जातो. सुरुवातीच्या अभ्यासांत या गटात मृत्यू बरेच जास्त दिसले, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत फरक बराच ओसरला. तरीही आम्ही हे प्रश्न विचारतो, कारण कोणती सवय कुठे मोडणार याचा अंदाज त्यातून येतो.

मुद्दा हाच आहे, दादा. चालणं, गोळ्या, पथ्य यांची चिठ्ठी सगळ्यांना एकच मिळते, पण ती झिजते वेगवेगळ्या कडेला.

चालण्याचंच घ्या. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात सपाटीवर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दर दोन-तीन दिवसांनी दोनेक मिनिटं वाढवत चार-सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासावर, आठवड्यातून पाच दिवस. आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं अगदी सावकाश. जेवणानंतर तास-दीड तास नाही. वेग ओळखायची खूण सोपी: सोबतच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. हार्ट फेल्युअर असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा छातीत दुखणं चालूच असेल तर हा हिशेब डॉक्टरच ठरवतील. आता टाइप ए माणूस दहाव्या दिवशी मनगटावरचं घड्याळ बघत पाच किलोमीटर मारून येतो आणि संध्याकाळी धाप लागली की घाबरतो. कोपऱ्यातला माणूस बाहेरच पडत नाही, कारण जिन्यात शेजारी ‘काय झालं होतं हो?’ विचारतात. मुलाने आणलेल्या बुटांचे तळवे महिन्याभरानेही कोरे करकरीत. ‘चालतो की रोज’ या उत्तरापेक्षा तळवा जास्त बोलतो. पहिल्याला आम्ही मिनिटांची वरची मर्यादा लिहून देतो, दुसऱ्याला रोज सोबत येणारं एक माणूस आणि पहाटेची, जिना रिकामा असतानाची वेळ.

गोळ्यांचंही तसंच. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यानंतर अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी, दोन्ही रक्त गोठू नये म्हणून. अ‍ॅटॅकनंतर ही जोडी बहुधा वर्षभर चालते, आणि डॉक्टरांना न विचारता बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. जोडीची गोळी टिकाग्रेलॉर असेल तर ती दिवसातून दोनदा, म्हणजे १४ गोळ्यांची स्ट्रिप बरोबर सात दिवस पुरायला हवी. म्हणून आम्ही ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ विचारत नाही, स्ट्रिपच मागतो. तीच स्ट्रिप दहा दिवस चालली असेल तर रात्रीची गोळी चुकते आहे. या गोळीने काहींना उगाच दम लागल्यासारखं होतं. घाईचा माणूस ती स्वतःच बंद करतो, अबोल माणूस दम सोसत राहतो. दोघांनीही सांगितलं असतं तर बदल करता आला असता.

मिठाचा प्रश्नही तुमच्या पद्धतीने सोडवतो. ‘मीठ कमीच खातो’ हे उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. त्याऐवजी विचारायचं, घरात माणसं किती आणि किलोची पुडी किती दिवस जाते? माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, धरला तर चौघांच्या घरात किलो मीठ ५० दिवस जायला हवं. ते २५ दिवसांत संपत असेल तर गणित उघड आहे, आणि त्यात विकतचं लोणचं, पापड, फरसाण, पाव धरलेलेच नाहीत. तंबाखूचंही तेच. ‘व्यसन आहे का?’ म्हटलं की मावशी ठामपणे नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत, कारण मशेरी म्हणजे त्यांच्या लेखी दात घासणं. ‘दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?’ एवढं विचारलं की पुरतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते उदासीच्या बाबतीत. अ‍ॅटॅकनंतर पाचांतल्या एकाला खरंखुरं डिप्रेशन येतं. घरच्यांना वाटतं, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलाय, गप्प राहणारच. पेशंटला वाटतं अशक्तपणा आहे. आम्हालाही वाटू शकतं की बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या गोळ्यांचा थकवा असेल. फरक काढायचा तर दोन प्रश्न पुरे: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर नऊ प्रश्नांची पूर्ण यादी घ्यायची, आणि तिथे १० गुण झाले की मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. नुसत्या गोळीच्या थकव्यात नातू आला की चेहरा खुलतो. डिप्रेशनमध्ये नातूही नकोसा होतो. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर गुणांची बेरीज करत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

इथेही खोटी आशा दाखवत नाही. अमेरिकेत २,४८१ पेशंटवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत समुपदेशनाने उदासी कमी झाली, पण मृत्यू किंवा दुसरे अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत. मग उपचार कशाला? अहो, माणूस जेवतो, झोपतो, बोलतो, गोळ्या घेतो, एवढं कारण पुरेसं नाही का? भारतातल्या २४ केंद्रांवरच्या योगाच्या चाचणीचंही असंच. सुमारे चार हजार पेशंट, १२ आठवड्यांत १३ सत्रं. अ‍ॅटॅक-मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही, पण तब्येत बरी वाटणं आणि आधीच्या कामांकडे परतणं सुधारलं. ज्याला जिमची लाज वाटते त्याला आसन-प्राणायामाचा वर्ग परवडतो. फक्त श्वास रोखून धरायचा नाही आणि शीर्षासनाच्या फंदात पडायचं नाही.

काठावर बसणाऱ्यांसाठी मात्र फ्रिडमन यांनीच एक छान गोष्ट करून ठेवली. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांना छोट्या गटांत बसवून घाई आणि राग उतरवायचे धडे दिले. साडेचार वर्षांत दुसरा अ‍ॅटॅक साधारण १३ टक्क्यांना आला, नुसता वैद्यकीय सल्ला मिळालेल्यांत २१ टक्क्यांना. धडे म्हणजे काय, तर मुद्दाम लांब रांगेत उभं राहायचं, गाडी संथ लेनमध्ये चालवायची, जेवण झाल्यावर लगेच उठायचं नाही. आपल्याकडे हे असं देता येतं: सिग्नल सुटल्यावर हॉर्नला हात लावायचा नाही, बायकोचं वाक्य तिलाच पूर्ण करू द्यायचं, चहा मोबाईलशिवाय आणि बसून प्यायचा. पहिले चार दिवस जीव कासावीस होतो, मग जमतं. फ्रिडमन स्वतः याच स्वभावाचे, त्यांनाही अ‍ॅटॅक येऊन गेला होता. पुढे ते नव्वदीपर्यंत जगले.

शेवटची कड सगळ्यात धोक्याची. छातीत दाबल्यासारखं झालं तर आधी खाली बसायचं, मग जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही किंवा वाढलं तर लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल, म्हणजे लैंगिक ताकदीसाठीची गोळी, घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही. हे लाजून लपवणारे जिवाशी खेळतात. घाईचा माणूस ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून मीटिंग पुरी करतो. अबोल माणूस रात्री दोन वाजता ‘कशाला उठवायचं सगळ्यांना’ म्हणत पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसतो. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांसमोर त्याच्याकडून कबूल करून घेतो: रात्री दुखलं तर कुणाला उठवणार? नाव घ्यायला लावतो, ‘कुणालाही’ चालत नाही.

आमच्या ओपीडीबाहेर आता एकाला एक जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्या असतात. गादी नाही, कापड नाही, कड झिजत नाही. तेव्हा काठावर कोण टेकलंय आणि कोपऱ्यात कोण गप्प आहे, हे दार उघडून बाहेर येऊनच बघावं लागतं.

तुमचे ऋणी,
हृदय-पुनर्वसनाच्या कामातले आम्ही काही जण